राष्ट्रपती पुरस्कार दोनदा, दवाखान्याचं बिल मात्र देणगीतून : तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर

पेठ : पेठवरून घाट उतरून मंचर आणि कळंब मागं टाकलं की नारायणगाव लागतं. यात्रा-जत्रांचा हंगाम जवळ आला की इथं तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, फडमालकाशी बोलून सुपारी ठरवतात. म्हणूनच या गावाला तमाशाची पंढरी म्हणतात. या पंढरीचं नाव ज्यांनी महाराष्ट्रभर नेलं, त्यात पहिलं नाव येतं विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचं.

विठाबाईंचा जन्म १९३५ साली पंढरपूरला झाला. घरात तमाशा पिढीजात होता. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' हा फड त्या काळी नावाजलेला होता. शाळेपेक्षा ढोलकी जवळची. चालायला लागल्यापासून फडाबरोबर फिरणं, मोठ्यांचं बघून पाय टाकणं, ऐकून गाणं उचलणं, हीच त्यांची शिकवणी. लहान वयातच त्या बोर्डावर उभ्या राहिल्या. लावणीची अदाकारी तर होतीच, पण गवळण असो, बतावणी असो की वग, विठाबाई कुठं कमी पडायच्या नाहीत.

तो काळ तमाशासाठी सोपा नव्हता. १९४८ च्या सुमारास त्या वेळच्या मुंबई सरकारनं अश्लीलतेचं कारण देऊन तमाशावर बंदी आणली. पुढं बंदी उठली, पण वग आधी तपासून घ्यायचा आणि मगच खेळ करायचा, अशी अट आली. म्हणजे सरकार आणि तमाशा यांची पहिली गाठ पडली ती मदतीसाठी नाही, तपासणीसाठी. त्यात मांग समाजातली बाई, ती पण पायात चाळ बांधणारी. रात्री टाळ्या वाजवणारं गाव सकाळी तिला ओसरीवर घेईलच असं नव्हतं.

तरीही विठाबाईंनी नाव कमावलं. १९५७ साली त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात त्यांनी सीमेवरच्या जवानांसाठी कार्यक्रम केले. १९९० साली पुन्हा राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. तमाशासम्राज्ञी ही पदवी मात्र त्यांना लोकांनीच दिली.

त्यांची एक आठवण आजही गावोगाव सांगितली जाते. दिवस भरलेले असताना त्या खेळाला उभ्या होत्या. मधेच कळा सुरू झाल्या. त्या पडद्यामागं गेल्या आणि तिथंच बाळंत झाल्या. दगडानं नाळ तोडली, लुगडं सावरलं आणि पुन्हा बोर्डावर आल्या. मघाशी दिसणारं पोट आता दिसेना, तेव्हा लोकांच्या ध्यानात आलं. त्यांनीच हात जोडून खेळ थांबवला आणि बाईंना विश्रांती घ्यायला लावली. ऐकणारा याला धाडस म्हणतो, आणि ते होतंच. पण त्यामागं पोटाचा हिशेबही होता. खेळ मोडला तर त्या रात्रीची कमाई बुडणार आणि फडातली सगळी माणसं उपाशी राहणार. बाळंतपणाची रजा देणारं तिथं कोण होतं?

फडाचा धंदा सातगाव पठारावरच्या बटाट्यासारखाच आहे. बेणं, खत, मजुरी आधी घालायची आणि मग आभाळाकडं बघत बसायचं. फडमालकालाही हंगामाआधी कलावंतांना उचल द्यावी लागते. गाड्या, तंबू, कनाती, लाईट यांचा खर्च वेगळा. पैसे बहुतेक व्याजानंच आणलेले असतात. दसऱ्याला फड बाहेर पडतो आणि उन्हाळ्यातल्या यात्रांवर वर्षाची मदार असते. एखादा वळवाचा पाऊस आला की त्या रात्रीचं तिकीट पाण्यात. विठाबाईंनी ही सगळी ओढाताण आयुष्यभर केली. कमाई आली तशी गेली. भिंतीवर पुरस्कार होते, पण गाठीला पैसा उरला नाही.

शेवटची वर्षं हलाखीत गेली. अंगात बळ होतं तोवर गाव लोटायचं, अंथरुणाला खिळल्यावर विचारणारे थोडेच राहिले. १५ जानेवारी २००२ रोजी विठाबाई गेल्या. दवाखान्याचं राहिलेलं बिल देणगीदारांच्या पैशातून भागवावं लागलं.

त्यांच्या पश्चात शासनाला त्यांची आठवण झाली. २००६ पासून राज्य शासन तमाशातल्या ज्येष्ठ कलावंताला 'तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार' देतं. पहिला मान कांताबाई सातारकर यांना मिळाला. पुढं आंबेगाव तालुक्यातल्या अवसरीचं नाव लावणारे वसंत अवसरीकर आणि विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनाही तो मिळाला. अनेक वर्षं त्याची रक्कम पाच लाख रुपये होती. विठाबाईंना शेवटच्या आजारपणात यातला छोटा हिस्सा जरी मिळाला असता, तरी बिलासाठी दुसऱ्यांपुढं हात पसरायची वेळ आली नसती.

पुरस्कार वर्षाला एकालाच मिळतो. बाकीच्यांसाठी सांस्कृतिक कार्य विभागाचं फडांना अनुदान आहे, आणि वृद्ध कलावंतांना मानधन आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं चालणाऱ्या या योजनेत २०२४ पासून दरमहा पाच हजार रुपये मिळतात. पण ढोलकीवाला, सुरत्या, सोंगाड्या यांचं आयुष्य बिऱ्हाड पाठीवर घेऊन गेलेलं असतं. उत्पन्नाचा दाखला, कलेचा पुरावा, जुने फोटो, कात्रणं हे सगळं त्यांनी कुठं जपून ठेवायचं? कागद नाही म्हणून अर्ज अडतो आणि माणूस तसाच थकत जातो.

यात्रा कमिटीनं यंदा सुपारी ठरवताना बिदागी वेळेत आणि पूर्ण दिली, आणि आपल्या गावात एखादा जुना कलावंत असेल तर त्याचे कागद गोळा करून ग्रामपंचायतीनं पंचायत समितीत पोचवले, तरी पुष्कळ काम होईल. विठाबाईंच्या नावाचा पुरस्कार त्यांच्या मरणानंतर चार वर्षांनी आला. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत तेवढा उशीर व्हायला नको.