चौथा नंबर

आमच्या हॉस्टेलच्या टीममध्ये मी हाफ खेळतो. म्हणजे धावायचं भरपूर, लाथा खायच्या भरपूर आणि नोटीस बोर्डावर नाव लागणार गोल मारणाऱ्याचं! यंदा गॅदरिंगच्या मॅचेसमध्ये आम्ही सेमीफायनल हरलो. दोन दिवस मेसमध्ये माझं तोंड पाडलेलंच होतं. त्याच सुमारास नेव्हिल डिसूझाबद्दल वाचलं.

नेव्हिल १९३२ साली गोव्यातल्या आसगाव इथे जन्मला. शिक्षण मुंबईत झालं, सेंट झेवियर्स शाळेत. तेव्हा आपल्याकडे नुसत्या फुटबॉलवर पोट भरत नसे. कंपनी नोकरी द्यायची आणि खेळाडू कंपनीच्या टीमकडून खेळायचा. तोही टाटा स्पोर्ट्स क्लबकडून आणि पुढे कॅल्टेक्सकडून खेळला. प्लेसमेंटच्या काळजीत असलेल्या आपल्याला हे लगेच कळेल.

१९५६ साली मेलबर्नचं ऑलिंपिक आलं. रहीमसाहेब कोच, समर बॅनर्जी कॅप्टन. पहिल्या फेरीत हंगेरीचा संघ आलाच नाही, त्यामुळे आपण थेट क्वार्टर फायनलला. समोर यजमान ऑस्ट्रेलिया, तारीख १ डिसेंबर. नेव्हिलने नवव्या मिनिटाला गोल केला, त्यांनी फेडला. तेहतिसाव्याला दुसरा केला, तोही फेडला. हाफटाइमला २-२! मग पन्नासाव्या मिनिटाला त्याचा तिसरा, शेवटी किट्टूचा चौथा आणि भारत ४-२ ने जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई.

सेमीफायनल युगोस्लाव्हियाशी होती. पहिला गोल पुन्हा नेव्हिलचाच! पण नंतर त्यांनी चार चढवले. ब्राँझच्या मॅचमध्ये बल्गेरियाने ३-० ने हरवलं. नंबर चौथा, हातात काही नाही. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये भारत त्याच्यापुढे आजवर गेलेला नाही. चार गोल करून तो स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या बरोबरीत होता.

पुढे अर्जुन पुरस्कार सुरू झाले. त्याच संघातल्या पी. के. बॅनर्जींना १९६१ ला मिळाला, बलरामला १९६२ ला. नेव्हिलला नाही. मार्च १९८० मध्ये मुंबईत तो गेला, तेव्हा वय अवघं ४७. आमच्या विंगमध्ये मी दहा जणांना त्याचं नाव विचारलं. एकालाही ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आठवड्यापूर्वी मलाही नव्हतं.

मला वाटायचं, गोल मारणाऱ्याचं नाव राहतं आणि हाफचं जातं. इथे तर हॅट्‌ट्रिकवाल्याचंही गेलं! त्या संघात हाफ होते केम्पय्या आणि नूर मोहम्मद. नेव्हिलपर्यंत बॉल जावा म्हणून मागे राबणारी ही मंडळी, त्यांना कोण विचारणार? तरीही ते खेळलेच ना!

बोर्डावर नाव नसलं म्हणून आता मी रुसत नाही. सबमिशन संपलं की पुन्हा ग्राउंडवर जाणार आहे. येताय का? हाफ कमीच पडतात.