शाळेची घंटा आणि वसंत देसाईंची प्रार्थना

हडपसरच्या गाडीतळावर बसगाड्यांचा गोंगाट चालू असतो, तेवढ्यात शाळेची घंटा होते. तुम्ही धावतपळत रांगेत उभे राहता, हात जोडता आणि प्रार्थना सुरू होते. ही चाल कोणी बांधली, असा प्रश्न कधी पडलाय का? बरेचदा ती वसंत देसाईंची असते. चला तर मग, आज त्यांची ओळख करून घेऊ.

वसंतरावांचा जन्म १९१२ सालचा, कोकणातला. भजन-कीर्तन कानावर पडतच ते वाढले. लहान वयातच ते कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीत दाखल झाले. १९३३ मध्ये प्रभात पुण्यात आली. तिथे पडेल ते काम करत ते गोविंदराव टेंबे, मास्टर कृष्णराव यांच्या हाताखाली संगीत शिकले. पुढे व्ही. शांताराम यांच्या ‘शकुंतला’, ‘अमर भूपाळी’, ‘झनक झनक पायल बाजे’ या चित्रपटांना त्यांनी संगीत दिलं. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’चे संगीतकारही तेच बरं का!

‘झनक झनक पायल बाजे’ हा नृत्यावरचा चित्रपट, म्हणून त्यात घुंगरू सतत ऐकू येतात. एक घुंगरू हलवून बघा, आवाज किती बारीक! पण शंभर घुंगरू एका तालात वाजले की सभागृह भरून जातं. समूहगानाचंही अगदी तसंच असतं.

१९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’मध्ये जेलर आणि सहा कैदी राहतात. औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाचा प्रयोग त्यामागे होता. त्यातली प्रार्थना कवी भरत व्यास यांची. वसंतरावांनी चाल इतकी साधी ठेवली, की कोणालाही ती म्हणता यावी आणि शब्द न् शब्द कळावा. १९७१ च्या ‘गुड्डी’तली शाळेची प्रार्थना गुलजार यांची, चाल पुन्हा वसंतरावांची. एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी १९६६ मध्ये संयुक्त राष्ट्रांत गायलेल्या विश्वमैत्रीच्या संस्कृत रचनेलाही त्यांनीच चाल लावली होती.

एवढं नाव झालं, तरी वसंतराव शाळकरी मुलांना विसरले नाहीत. हजारो मुलांना एकत्र आणून ते समूहगीतं म्हणवून घेत. त्यात चांगल्या गळ्याचीच मुलं हवीत असं नव्हतं. २२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत लिफ्टच्या अपघातात त्यांचं निधन झालं.

आता एक खंत सांगते. हल्ली काही शाळांत घंटेनंतर स्पीकरवर प्रार्थना लावतात आणि मुलं गप्प उभी राहतात. सूर पक्का लागतो खरा, पण त्यात आपला आवाज कुठे असतो? वसंतरावांनी या चाली ऐकण्यासाठी नव्हे, सगळ्यांनी मिळून म्हणण्यासाठी बांधल्या होत्या. म्हणून उद्या घंटा झाली की मोकळ्या गळ्याने गा. सूर थोडा हलला तरी चालेल. शेजारचा सांभाळून घेईल!