कॅसिनोच्या शिळेवरचे एक मराठी नाव

दुसऱ्या महायुद्धात कामी आलेल्या सैनिकांची अनेक मुले जन्मापासून पित्याला पारखी होती. उतारवयात इटलीतील कबरस्तानात जाऊन पित्याच्या नावाच्या दगडावर हात ठेवणे, हीच त्यांच्यापैकी काहींची पहिली भेट ठरली. मराठी मुलखातील घरांना मात्र असा प्रवास सहसा परवडणारा नव्हता. शिवाय, अनेक जवानांची कबरच नव्हती. महाराष्ट्राचे व्हिक्टोरिया क्रॉस विजेते नाईक यशवंत घाडगे हे त्यांपैकीच एक.

घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी माणगाव तालुक्यातील पळसगाव येथे झाला. सैन्यात दाखल झाल्यावर ते पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनसह इटलीच्या आघाडीवर गेले. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. घाडगे वगळता सारे जवान ठार वा जखमी झाले. एकट्या घाडगे यांनी शत्रूच्या मोर्चावर धाव घेतली. हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन बंद पाडली आणि टॉमीगनने आणखी एका सैनिकास टिपले. गोळ्या भरण्यास उसंत नव्हती. तेव्हा बंदूक नळीकडून धरून त्यांनी उरलेल्या दोघांना लोळविले. इतक्यात शत्रूच्या नेमबाजांनी त्यांचा वेध घेतला. जिंकलेल्या मोर्चातच त्यांनी प्राण सोडला. वय अवघे बावीस वर्षे.

त्यांना मरणोत्तर जाहीर झालेला व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या पत्नीने व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हस्ते स्वीकारला. पदक घरी आले. समाधी मात्र कोठेच नव्हती. ज्यांच्या कबरीचा ठाव नाही, अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे रोमच्या दक्षिणेकडील कॅसिनो येथील स्मारकाच्या शिळांवर कोरलेली आहेत. त्यांत घाडगे यांचेही नाव आहे.

इटलीच्या मोहिमेत ५,७८२ भारतीय सैनिकांनी प्राण वेचले. जुलै २०२३ मध्ये, घाडगे यांच्या हौतात्म्यानंतर ७९ वर्षांनी, पेरुजा प्रांतातील मोंतोने गावात त्यांच्या नावाच्या सूर्यघड्याळाचे अनावरण झाले. माणगावात त्यांचा पुतळा आहे. कबर नसलेल्या या वीराला फूल वाहायचे तर आज जागा आहेत. मात्र त्याच मोहिमेत पडलेल्या इतर जवानांच्या लेकरांसाठी पित्याची भेट अनेकदा कॅसिनोच्या शिळेवरील एका ओळीपुरतीच उरली आहे. आणि ती ओळ वाचायलाही सातासमुद्रापलीकडे जावे लागते.