ढगांच्या माथ्यावरची वीज

चार्ल्स विल्सन यांना खरे तर डॉक्टर व्हायचे होते. स्कॉटलंडमधील एका शेतकऱ्याच्या घरी १८६९ मध्ये त्यांचा जन्म झाला. ते चार वर्षांचे असताना वडील वारले आणि कुटुंब मँचेस्टरला आले. वैद्यकीय शिक्षणाच्या इराद्याने ते तिथे जीवशास्त्र शिकले. पण केंब्रिजला गेल्यावर ओढा भौतिकशास्त्राकडे वळला.

१८९४ च्या सप्टेंबरमध्ये ते बेन नेव्हिस डोंगरावरील वेधशाळेत दोन आठवडे कामाला होते. ढगांवर ऊन पडून उमटणारी रंगीत कडी पाहून त्यांनी काचेच्या भांड्यात ढग तयार करायला घेतले. भांड्यात क्ष-किरण सोडले की दाट धुके जमे. किरणांमुळे हवेत विद्युतभारित कण तयार होतात आणि त्यांवर बाष्प साठते. यातूनच १९११ मध्ये त्यांचा ‘मेघकक्ष’ सिद्ध झाला. त्यात सूक्ष्म कणांचे मार्ग दिसू लागले. १९२७ च्या नोबेलमध्ये त्यांचा निम्मा वाटा होता.

पण वादळांचा ध्यास त्याहून जुना. १८९५ च्या जूनमध्ये बेन नेव्हिसजवळच्या डोंगरावर अचानक त्यांच्या डोक्यावरचे केस ताठ उभे राहिले. ते उतारावरून धावत सुटले. पाठोपाठ वीज कडाडली. वळवाच्या पावसात शेतात असणाऱ्यांनीही ही खूण ओळखावी. केस उभे राहिले तर वीज पडण्याच्या बेतात असते. झाडाखाली न थांबता तातडीने पक्के घर किंवा बंद मोटार गाठावी.

१९२५ मध्ये विल्सन यांनी वेगळाच हिशेब मांडला. उंचीबरोबर ढगाचा विद्युत प्रभाव कमी होतो, पण हवा त्याहून झपाट्याने विरळ होते आणि विरळ हवेत ठिणगी सहज पडते. म्हणून मोठ्या वादळाच्या खूप वरही विजेसारखा विसर्ग घडू शकतो. पुढे अनेक दशके याचा पक्का पुरावा मिळाला नाही. तरीही वयाच्या ८७ व्या वर्षी, १९५६ मध्ये, त्यांनी गडगडाटी ढगांच्या विजेवरच शोधनिबंध प्रसिद्ध केला. १९५९ मध्ये ते गेले.

१९८९ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे संशोधक एका कॅमेऱ्याची चाचणी घेत असताना दूरच्या वादळावरील असा झोत योगायोगाने टिपला गेला. आज त्याला ‘स्प्राइट’ म्हणतात. हा लालसर झोत सुमारे ९० किलोमीटर उंचीपर्यंत, म्हणजे आयनांबराच्या तळापर्यंत पोहोचतो. तिथून जाणाऱ्या रेडिओ लहरींतही क्षणिक फरक पडतो. विल्सन यांचा हिशेब बरोबर होता. तो डोळ्यांनी दिसायला मात्र ६४ वर्षे लागली.