बहुमताचा वकील : विल्यम जेनिंग्ज ब्रायन

अमेरिकेतील उत्क्रांतिवादाच्या वादात विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांचे नाव येते ते एक कर्मठ धर्माभिमानी म्हणून. शाळेत डार्विन शिकवू नये, असा आग्रह धरणारा हा नेता एरवी आपल्या काळातील आघाडीचा सुधारणावादी होता, याचे मात्र अनेकांना विस्मरण झाले आहे.

१९ मार्च १८६० रोजी इलिनॉय राज्यातील सेलम येथे जन्मलेले ब्रायन पुढे नेब्रास्कात वकिली करू लागले आणि १८९० मध्ये अमेरिकी काँग्रेसवर निवडून आले. १८९६ मध्ये शिकागोच्या अधिवेशनात त्यांनी कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्यांची बाजू घेत सुवर्ण चलनाविरुद्ध घणाघाती भाषण केले. त्या बळावर वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाने त्यांना अध्यक्षपदाची उमेदवारी दिली. १८९६, १९०० आणि १९०८ अशा तिन्ही वेळा ते पराभूत झाले. तरीही प्राप्तिकर, सिनेटरांची थेट निवडणूक आणि स्त्रियांचा मताधिकार यांचा त्यांनी सातत्याने पुरस्कार केला. १९०६ मध्ये भारतभेटीनंतर त्यांनी इंग्रजी राजवटीवर कठोर टीका करणारे लेखन केले. विल्सन यांच्या मंत्रिमंडळात ते परराष्ट्रमंत्री झाले. पण जर्मनीला धाडलेले कडक खलिते देशाला युद्धात ओढतील, या भीतीने त्यांनी १९१५ मध्ये राजीनामा दिला.

महायुद्धानंतर ब्रायन उत्क्रांतिवादाविरुद्ध उभे ठाकले. बळी तो कान पिळी या न्यायाला डार्विनच्या नावाने प्रतिष्ठा मिळते, जर्मन लष्करशाही त्यातूनच फोफावली आणि तरुणांची श्रद्धाही ढळते, अशी त्यांची धारणा होती. ही भीती अगदीच निराधार नव्हती. टेनेसीतील शाळांत वापरल्या जाणाऱ्या जीवशास्त्राच्या पुस्तकात सुप्रजननाच्या नावाखाली तथाकथित दुर्बल कुटुंबांची वाढ रोखण्याचा विचार मांडलेला होता. मात्र सिद्धांताचा गैरवापर वेगळा आणि त्याची सत्यता वेगळी, हा भेद ब्रायन यांनी केला नाही. शाळा करदात्यांच्या पैशावर चालतात, म्हणून तेथे काय शिकवायचे हे बहुमताने ठरावे, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता.

मार्च १९२५ मध्ये टेनेसीने, मानव कनिष्ठ प्राण्यांपासून उत्क्रांत झाला असे शिकवण्यास बंदी घातली. या कायद्याला आव्हान म्हणून डेटन गावातील २४ वर्षांचे शिक्षक जॉन स्कोप्स खटल्यास सामोरे गेले. फिर्यादी पक्षाकडून ब्रायन उभे राहिले, तर बचावासाठी क्लॅरेन्स डॅरो आले. याच डॅरो यांनी १८९६ मध्ये ब्रायन यांचा प्रचार केला होता. २० जुलै रोजी न्यायालयाच्या आवारात, उघड्यावर, डॅरो यांनी ब्रायन यांनाच बायबलचे जाणकार म्हणून साक्षीला बोलावले. सृष्टीनिर्मितीचे सहा दिवस २४ तासांचेच असतील असे नाही, हे ब्रायन यांना मान्य करावे लागले. दुसऱ्या दिवशी स्कोप्स दोषी ठरले आणि त्यांना १०० डॉलर दंड झाला. खटला ब्रायन यांच्या पक्षाने जिंकला. पण देशभर हसे झाले ते त्यांचेच. पाच दिवसांनी, २६ जुलै रोजी, डेटनमध्येच झोपेत त्यांचे निधन झाले.

१९२७ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तांत्रिक कारणावरून शिक्षा रद्द केली. कायदा मात्र १९६७ पर्यंत टिकला. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने अशी बंदी घटनाबाह्य ठरवली. १९८७ मध्ये उत्क्रांतीबरोबर सृष्टीनिर्मितीचे तथाकथित विज्ञान शिकवण्याची सक्तीही रद्द झाली. त्यानंतर तोच विचार ‘इंटेलिजंट डिझाइन’ या नावाने पुढे आला. २० डिसेंबर २००५ रोजी पेनसिल्व्हेनियातील डोव्हरच्या खटल्यात तेही विज्ञान नव्हे, असा निकाल लागला. विशेष म्हणजे, त्याआधीच्या महिन्यात डोव्हरच्या मतदारांनीच हा आग्रह धरणाऱ्या शाळा मंडळाच्या सदस्यांना घरी बसवले होते. बहुमतावर ब्रायन यांचा आयुष्यभर विश्वास होता. बहुमताने कायदे होतात, सरकारे बदलतात. वैज्ञानिक सत्य मात्र पुराव्यानेच ठरते, हे त्यांनी अखेरपर्यंत मान्य केले नाही.