हजरजबाबी दादू इंदुरीकर

आपल्या खानदेशात जत्रा भरली, की तमाशाचा फड येतो. फडात लोकांना हसवणारा एक सोंगाड्या असतो. दादू इंदुरीकर हे असेच नामवंत सोंगाड्या होते.

त्यांचे खरे नाव गजानन सरोदे. पुणे जिल्ह्यात इंद्रायणीच्या काठी इंदुरी हे गाव आहे. त्यावरून लोक त्यांना इंदुरीकर म्हणत.

तमाशात शेवटी वग असतो. वग म्हणजे नाटकच. पण पूर्वी त्याचे संवाद लिहिलेले नसत. गोष्ट ठरलेली असे, बोलणे मात्र नटाने तिथल्या तिथे रचायचे. त्यासाठी नट हजरजबाबी हवा. हा शब्द तुम्हांला उर्दूतून ओळखीचा आहेच! तुर्कस्तानातील इस्माईल दुंबुल्लू (१८९७–१९७३) हे नटही असेच ऐन वेळी बोलून हसवत.

दादूंचा गाजलेला वग 'गाढवाचं लग्न'. तो हरिभाऊ वडगावकरांनी रचला. त्यात दादू सावळ्या कुंभार होत. सावळ्याचे गाढव एके दिवशी माणसासारखे बोलू लागते आणि चक्क राजकन्येशी लग्न करायचे म्हणते! बिचारा सावळ्या काय करणार? समोरचे प्रेक्षक पाहून दादू नवे काही बोलत. त्यामुळे कालचा खेळ आज तसाच नसे.

शहरातले शिकलेले लोक तमाशाला नाके मुरडत. तेच आता तिकीट काढून हा वग पाहू लागले. १९७३ साली दादूंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९८० साली ते वारले. त्यांचे कितीतरी विनोद त्या त्या रात्रीबरोबरच संपले. वग मात्र चालू राहिला. २००७ साली त्यावर चित्रपट निघाला, तेव्हा मकरंद अनासपुरे सावळ्या झाले.