हॅल फिनी: नाव माहीत नसलेल्या माणसाकडून पहिले बिटकॉइन घेणारा

टेलिग्रामवर कोणी अनोळखी माणूस स्वस्तात कॉइन देतो म्हणाला की मला हॅल फिनी आठवतात. बिटकॉइन पहिल्यांदा एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेले ते त्यांच्याकडे. पाठवणारा खरा कोण, हे त्यांना माहीत नव्हतं. तरी ते फसले नाहीत, आणि हा काही नशिबाचा भाग नव्हता.

फिनी १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात जन्मले, १९७९ मध्ये कॅलटेकमधून इंजिनीअर झाले आणि सुरुवातीला व्हिडिओ गेम लिहायचे. पुढे फिल झिमरमन यांच्या पीजीपी या ईमेल एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरवर त्यांनी आधी हौसेने, मग नोकरी म्हणून काम केलं. ते सायफरपंक गटातले. पाठवणाऱ्याचं नाव काढून ईमेल पुढे धाडणारे रीमेलर सर्व्हरही ते चालवायचे.

नाव काढून टाकणं तसं सोपं. पण नावच नसेल तर भरवसा कशावर ठेवायचा? २००४ मध्ये त्यांनी आरपीओडब्ल्यू नावाची सिस्टिम बनवली. कॉम्प्युटरने जड गणित सोडवलं की एक टोकन मिळायचं, आणि ते दुसऱ्याला देता यायचं. तेच टोकन कोणी दोनदा वापरू नये म्हणून मध्ये एक सर्व्हर होता. आता सर्व्हर फिनींचाच, मग त्यांनीच गडबड केली तर? म्हणून त्यांनी तो प्रोग्राम आयबीएमच्या छेडछाड न होणाऱ्या एका कार्डात ठेवला आणि कोड सगळ्यांसाठी खुला केला. आत तोच कोड चालू आहे का, हे कोणीही लांबून तपासू शकायचं. बनवणाऱ्यावरही विश्वास ठेवायची गरज पडू नये, असा बेत. बिटकॉइनमुळे त्यांचं नाव झालं, पण मला विचाराल तर त्यांचं डोकं खरं इथे दिसतं.

२००८ च्या ऑक्टोबरमध्ये सातोशी नाकामोतो या नावाने कोणीतरी बिटकॉइनची कल्पना मांडली. बरेच जाणकार शंका काढत होते, फिनींना मात्र उत्सुकता वाटली. त्यांनी सातोशीचा बायोडेटा मागितला नाही. जानेवारी २००९ मध्ये सॉफ्टवेअर येताच डाउनलोड केलं, चालवून पाहिलं, चुका कळवल्या. सातोशी त्या दुरुस्त करत गेला. १२ जानेवारीला सातोशीने त्यांना चाचणी म्हणून १० बिटकॉइन पाठवले. थोडे दिवस त्यांनी माइनिंगही केलं, पण कॉम्प्युटर तापतो आणि पंख्याचा आवाज फार होतो म्हणून बंद केलं! (आज हे वाचून कपाळाला हात लावणारे खूप असतील.)

त्याच वर्षी त्यांना एएलएस झाल्याचं कळलं. या आजारात शरीराचे स्नायू हळूहळू काम करणं थांबवतात. हात गेले, बोलणं गेलं, श्वासासाठी यंत्र आलं. तरी डोळ्यांची हालचाल टिपणाऱ्या यंत्राने ते कोड लिहायचे, पूर्वीपेक्षा कितीतरी हळू. विषय तोच: बिटकॉइन वॉलेट जास्त सुरक्षित कसं करायचं.

आणि मग जे झालं ते मला आजही पटत नाही. एका निनावी माणसाने त्यांच्या कुटुंबाकडे १००० बिटकॉइनची खंडणी मागितली. पैसे मिळेनात, तर त्याने त्यांच्या घरात खून झाल्याचा खोटा फोन पोलिसांना केला. हत्यारबंद पोलीस आले आणि हलताही न येणाऱ्या फिनींना घराबाहेर काढावं लागलं. ज्या निनावीपणाचे हत्यार त्यांनी आयुष्यभर लोकांच्या हाती दिलं, तेच कोणीतरी त्यांच्यावर उगारलं. सातोशीच्या दारात कोणी जाऊ शकलं नाही, कारण ते दारच कोणाला माहीत नव्हतं. फिनी मात्र पहिल्यापासून खऱ्या नावाने वावरले होते.

२८ ऑगस्ट २०१४ रोजी ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचं शरीर ॲरिझोनातल्या अल्कोर संस्थेत गोठवून ठेवलं आहे. ते १० बिटकॉइन गेल्याची नोंद १७० व्या ब्लॉकमध्ये आहे. मोबाइलवर कुठलाही ब्लॉक एक्सप्लोरर उघडा, दिसेल. त्यात नाव कोणाचंच नाही, फिनींचंसुद्धा.